खाचा पाडल्या कोणी? (आधीचं शीर्षक 'ग्रहांनी पाडलेल्या खाचा' होतं; बदललं आहे, कारण शेवटच्या प्रतिसादांत)

मध्यरात्र

२०१४ च्या नोव्हेंबरात एचएल टॉरी या कोवळ्या ताऱ्याचं चित्र आलं, तेव्हापासून ते माझ्या संगणकाच्या पडद्यावर आहे. संगणक दोनदा बदलला, चित्र तेच. ताऱ्याभोवती वायू आणि धुळीची जराशी कललेली नारिंगी तबकडी आणि तिच्यात एकात एक बसवलेल्या काळ्या खाचा. पहिल्यांदा बघितलं तेव्हा कोणा चित्रकाराचं काम वाटलं होतं, कारण या विषयावरच्या लेखांना कायम कल्पनाचित्रंच लावलेली असतात. तर नाही, हे खरोखर टिपलेलं होतं. चिलीच्या अटाकामा वाळवंटात सुमारे ५,००० मीटर उंचीवर आल्मा ही ६६ अँटेनांची दुर्बीण आहे. तिच्या अँटेना तेव्हा पहिल्यांदाच १५ किलोमीटरपर्यंत लांब पसरवल्या होत्या आणि चाचणी म्हणून हा तारा घेतला होता. चाचणीतच हे निघालं.

तारा वृषभ राशीत, आपल्यापासून साधारण ४५० प्रकाशवर्षांवर. वय फार तर दहा लाख वर्षं. सूर्याचं वय ४६० कोटी. म्हणजे सूर्य ४६ वर्षांचा गृहस्थ धरला, तर एचएल टॉरी साडेतीन दिवसांचं तान्हं बाळ. आणि या बाळाच्या अंगणात ग्रहांनी एवढ्यात खाचा पाडून ठेवल्यात!

मला दोन गोष्टी नीट कळलेल्या नाहीत. मुळात ही तबकडी होतेच का? गुरुत्वाकर्षण आहे तर सगळं द्रव्य सरळ ताऱ्यात का पडत नाही? आणि इतक्या लवकर ग्रह तयार होतात तरी कसे? जाणकारांनी लिहावं. 'कोनीय संवेग' एवढा एकच शब्द लिहून पळून जाऊ नये, ही विनंती.

अवांतरराव

वाचनखूण साठवली. जाता जाता, तबकडी की चकती? मी कायम चकती वाचत आलोय.

मध्यरात्र

चकती म्हटलं की मला नटाखालचं वॉशर दिसतं. तबकडीच ठेवूया.

शंकेखोर

चित्र सुंदर, धागाही सुंदर, पण शीर्षकातच पाय घसरलाय. 'ग्रहांनी पाडलेल्या खाचा' हे कुठून आलं? त्या चित्रात एकही ग्रह दिसलेला नाही. काही पट्ट्यांत मिलिमीटर लहरींचं तेज जास्त आहे, काही पट्ट्यांत कमी, इतकंच दिसलंय. नारिंगी रंगसुद्धा आपण भरलेला, त्या लहरींना डोळ्याला दिसेल असा रंग नसतोच.

आणखी एक. धूळकण साधारण स्वतःच्या आकाराएवढ्या लांबीच्या लहरी चांगल्या फेकतात. म्हणजे आल्माला दिसते ती मुख्यतः मिलिमीटरभराच्या खड्यांची धूळ. तबकडीत वायू वजनाने धुळीच्या सुमारे शंभरपट असतो असं धरतात, आणि तो या चित्रात अजिबात नाही. शंभरातला एक भाग बघून आपण अंगणाचा नकाशा काढतोय. खाच काळी दिसली म्हणून ती रिकामी आहे असं होत नाही.

गणिती_कावळा

शंकेखोर आले म्हणजे धागा आता नीट चालणार.

मध्यरात्र, 'कोनीय संवेग' (म्हणजे फिरण्याचा साठा) लिहितो, पण पळून जात नाही. फिरत्या खुर्चीवर हात पसरून बसायचं, गिरकी घ्यायची आणि हात छातीशी ओढले की वेग वाढतो, हे सगळे सांगतात आणि तिथेच सोडून देतात. खरी गंमत त्याच्या पुढे आहे.

ताऱ्याला जन्म देणारा मेघाचा गोळा साधारण १०,००० एकक त्रिज्येचा असतो. (एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातलं अंतर.) तो इतका सावकाश फिरतो की एका फेरीला लक्षावधी वर्षं जावीत. आता त्यातलं द्रव्य आकसत १०० एककांवर आलं समजा. अंतर शंभरपट घटलं, तर फिरण्याचा वेग शंभरपट वाढला. पण कक्षेत टिकून राहायला जो वेग लागतो तो वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतो, म्हणजे फक्त दहापट. एक शंभरपटीने पळतोय, दुसरा दहापटीने. पहिला कितीही मागून निघालेला असला तरी केव्हातरी दुसऱ्याला गाठणारच. जिथे गाठतो तिथे द्रव्य ताऱ्याकडे पडायचं थांबतं आणि त्याच्याभोवती फिरू लागतं.

हा अडसर फक्त फिरण्याच्या पातळीत आहे. त्या पातळीच्या वरून आणि खालून येणाऱ्या द्रव्याला खाली यायला काहीच आडकाठी नाही. दोन्हीकडचे प्रवाह मधे येऊन आदळतात, त्यांचे वरखाली जाण्याचे वेग एकमेकांना मारून टाकतात आणि फिरणं तेवढं शिल्लक राहतं. झाली तबकडी. कांटने १७५५ मध्ये आणि लाप्लासने १७९६ मध्ये साधारण याच दिशेने विचार केला होता, तोही एकही तबकडी न बघता.

मध्यरात्र

हे पहिल्यांदा कळलं. पण मग अडचण उलटी झाली की! सगळं फिरतच राहिलं तर तारा वाढतो कसा?

गणिती_कावळा

अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. आतल्या द्रव्याला पडायचं असेल तर त्याने आपलं फिरणं दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात घालावं लागतं. ते कोणाच्या गळ्यात पडतं यावर गेली अनेक वर्षं वाद आहे. १९९१ मध्ये बाल्बस आणि हॉली यांनी दाखवलं की फिरत्या वायूत थोडं जरी चुंबकीय क्षेत्र असलं तरी खळबळ माजते आणि संवेग बाहेरच्या बाजूला सरकतो. बराच काळ तेच उत्तर धरलं जायचं. पण तबकडीचा मधला भाग इतका थंड आणि दाट असतो की तिथल्या वायूत विद्युतभारच जवळजवळ नसतो, मग चुंबकीय क्षेत्राची पकड बसणार कशावर? म्हणून आता पारडं वाऱ्यांकडे झुकलंय. तबकडीच्या पृष्ठभागावरून चुंबकीय रेषांच्या आधाराने वारा उडतो आणि जाताना संवेग घेऊन जातो.

शेवटचा टप्पा तर बघण्यासारखा असतो. ताऱ्याचं चुंबकीय क्षेत्र तबकडीला काही तारा-त्रिज्यांवरच तोडतं. तिथून वायू क्षेत्ररेषांवरून घसरत सेकंदाला दोन-तीनशे किलोमीटरने ताऱ्यावर आदळतो. टी टॉरी जातीचा (म्हणजे सूर्यासारखाच, पण अजून कोवळा) साधारण तारा वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा दहा कोटीवा भाग गिळतो. कमी वाटतं ना? आपल्या चंद्राच्या पाव वजनाएवढं होतं ते. दर वर्षी.

पहाटवारा

भारी चाललंय. एक शंका: तारा अजून गिळतोच आहे, तर तो चमकतो कशावर? हायड्रोजन पेटलेला असतो का?

गणिती_कावळा

नसतो. सूर्यासारख्या ताऱ्याच्या पोटात नेहमीचा हायड्रोजन पेटायला काही कोटी वर्षं लागतात. तोवर तो आकसण्यातून मिळणाऱ्या उष्णतेवर चमकतो. मधे थोडं ड्युटेरियम (जड हायड्रोजन) जळून जातं, पण ते असतंच किती! एचएल टॉरीला 'तारा' म्हणायचं ते जरा आगाऊच.

जुनी_दुर्बीण

गणिताच्या मधे घुसतो, माफ करा. मला आकडेमोड जमत नाही, पण तबकडी जवळजवळ डोळ्यांनी बघितल्यासारखी एक गोष्ट सांगता येईल.

मृगाच्या पूर्वेला एकशृंगी नावाचा फिक्या ताऱ्यांचा समूह आहे. त्यात एनजीसी २२६१ हा छोटासा तेजोमेघ आहे. विल्यम हर्शेलने १७८३ मध्ये शोधला. आठ इंची दुर्बिणीतून अंधाऱ्या आकाशात तो शेपटीवाल्या धूमकेतूसारखा दिसतो: टोकाशी एक ठिपका आणि तिथून पंख्यासारखा पसरत गेलेला उजेड. तो ठिपका म्हणजे आर मोनोसेरोटिस हा कोवळा तारा, स्वतः धुळीत गुरफटलेला. हा पंखा बदलतो हे एडविन हबलने १९१६ मध्ये जुन्या-नव्या छायाचित्रांवरून दाखवलं. पुढे १९४९ च्या जानेवारीत पालोमारच्या २०० इंची दुर्बिणीने पहिलं छायाचित्र घेतलं, तेही याच मेघाचं, आणि दुर्बिणीपाशी हबलच होता.

एका हिवाळ्यात मी ठरवून दर आठ-दहा दिवसांनी त्याचं छायाचित्र घेतलं. दुर्बीण तीच, कॅमेरा तोच, प्रत्येक वेळी तेवढाच वेळ. मधे ढगांनी तीन खेपा खाल्ल्या. उरलेली नऊ छायाचित्रं एकावर एक लावून पटापट उलटली. पंख्याच्या पश्चिमेच्या कडेने एक काळपट बोट आत शिरलं होतं. तीन आठवड्यांत ते टोकाकडून बाहेरच्या बाजूला सरकलं, रुंद झालं आणि विरलं. तोवर दुसरीकडे उजेड कमी व्हायला लागला होता.

तिथे हलत काहीच नाही, निदान पंख्यात तरी. ताऱ्याच्या अगदी जवळून धुळीचे पुंजके फिरतात आणि त्यांची सावली त्या पंख्यावर पडते. पंखा हा पडदा. दिव्यासमोर बोट हलवलं की भिंतभर सावली धावते ना, तसं. मेघ सुमारे २,५०० प्रकाशवर्षांवर आहे. तिथल्या ताऱ्याजवळची धूळ माझ्या दुर्बिणीला सात जन्मांत दिसणार नाही, पण तिची सावली दिसली. पहाटे चारला ती नऊ छायाचित्रं मी कितीदा उलटली याची मोजदाद नाही.

पहाटवारा

दंडवत घ्या! ती छायाचित्रं कुठे चढवता येतील का?

जुनी_दुर्बीण

शोधतो. जुन्या हार्ड डिस्कवर असतील, ती उघडली तर.

वर्णपट

जुनी_दुर्बीण यांच्या सावलीवरून आठवलं. चित्रं मिळण्याआधी तबकड्यांचा पुरावाही असाच आडून आला होता, आणि मला तो चित्रापेक्षा जास्त आवडतो.

टी टॉरी तारे दोन्ही ध्रुवांकडून वायूचे फवारे सोडतात. एक फवारा आपल्याकडे येणारा, दुसरा दूर जाणारा. येणाऱ्याच्या वर्णरेषा (प्रकाशातल्या ठरावीक रंगांच्या रेषा) निळ्याकडे सरकायला हव्यात, जाणाऱ्याच्या तांबड्याकडे. १९८० च्या दशकात वर्णपट घेतले तर अनेक ताऱ्यांत फक्त निळ्याकडे सरकलेल्या रेषा सापडल्या. तांबडा अर्धा भाग गायब! तारा एकाच बाजूला फवारा सोडतो, आणि तोही प्रत्येक वेळी नेमका आपल्याच दिशेने, असं कसं असेल? सरळ अर्थ असा, की मागचा फवारा आहे, पण मधे काहीतरी रुंद, सपाट आणि अपारदर्शक आडवं आलंय.

पुढे १९९० च्या दशकात हबल दुर्बिणीने एचएच ३० चं चित्र घेतलं. तबकडी बरोबर कडेवरून दिसते: मधे काळा पट्टा, वर-खाली उजळलेले पृष्ठभाग, आणि पट्ट्याला काटकोनात फवारा. तारा दिसतच नाही, त्या काळ्या पट्ट्यात बुडालेला. मृगातल्या मोठ्या तेजोमेघातही हबलला अशा कितीतरी तबकड्या सापडल्या, पाठीमागच्या उजेडावर काळ्या आकृत्यांसारख्या उमटलेल्या. तिथल्या काहींना बिचाऱ्यांना शेजार वाईट मिळालाय. थीटा-१ ओरायनिस सी या प्रचंड तप्त ताऱ्याच्या अतिनील माऱ्याने त्यांचा वायू उडून चाललाय, आणि प्रत्येकीच्या मागे शेपूट तयार झालंय.

पहाटवारा

अभिजितभोवती पण अशीच तबकडी आहे ना? ती तर नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या ताऱ्याची.

वर्णपट

अशीच नाही, इथे बरेच जण गल्लत करतात. १९८३ मध्ये आयरास हा अवरक्त उपग्रह सोडला. त्याची मापं जुळवायला प्रमाण म्हणून अभिजित घेतला होता, आणि तोच लांब अवरक्त लहरींत अपेक्षेपेक्षा कितीतरी तेजस्वी निघाला. मोजपट्टीच वाकडी! कारण त्याच्याभोवतीची धूळ. पुढच्याच वर्षी बीटा पिक्टोरिसभोवतीची तबकडी ताऱ्याचा उजेड झाकून चक्क छायाचित्रात पकडली.

पण अभिजितचं वय ४० कोटी वर्षांच्या वर. जन्माच्या वेळची धूळ एवढा काळ टिकत नाही. काही ताऱ्यात पडते, काही वाऱ्याने उडते. आज तिथे दिसते ती दुसऱ्या पिढीची धूळ, लघुग्रह आणि धूमकेतूंसारखे गोळे एकमेकांवर आपटून झालेला भुगा. वायू जवळजवळ नाहीच. एचएल टॉरी म्हणजे बांधकामाचा माल, अभिजित म्हणजे बांधकाम संपल्यावरचा राडारोडा.

फोमलहॉट या ताऱ्याची फजिती माहीत असेलच. २००८ मध्ये त्याच्या धुळीच्या कड्याजवळ ग्रह दिसल्याचं जाहीर झालं. नंतरच्या चित्रांत तो ठिपका पसरत आणि फिका होत गेला. २०२० मध्ये जुनी सगळी चित्रं पुन्हा तपासली, तेव्हा तो ग्रह नसून टकरीतून उडालेला धुळीचा ढग असावा असं म्हणायची वेळ आली.

शंकेखोर

फोमलहॉट मी सांगणारच होतो, तुम्ही आधी लिहिलंत. आता तरी शीर्षक बदला.

मध्यरात्र

थांबा हो, एवढ्यात हार मानत नाही. माझा दुसरा प्रश्न राहिलाय. इतक्या घाईने ग्रह होतात कसे?

गणिती_कावळा

घाई करावीच लागते, नाहीतर हाती काही राहत नाही. तीसेक लाख वर्षांत निम्म्या ताऱ्यांच्या तबकड्या संपतात आणि एक कोटी वर्षांपर्यंत बहुतेक सगळ्यांच्या. आपल्याजवळच्या टीडब्ल्यू हायड्री ताऱ्याची तबकडी, सुमारे २०० प्रकाशवर्षांवरची, ८० लाख-एक कोटी वर्षांची असून अजून तग धरून आहे, पण ती अपवाद. गुरूसारख्या वायूच्या ग्रहाला वायू संपायच्या आत उरकावं लागतं.

आणि या घाईत एक खोडा आहे. तबकडीतल्या वायूचा दाब आतून बाहेर कमी होत जातो. तो दाब वायूला थोडा बाहेर ढकलून धरतो, त्यामुळे वायू कक्षेच्या खऱ्या वेगापेक्षा किंचित हळू फिरतो. दगडाला दाबाचा आधार नाही, त्याला पूर्ण वेगाने फिरावं लागतं. पृथ्वीच्या अंतरावर कक्षेचा वेग सेकंदाला ३० किलोमीटर, आणि वायू त्याहून सेकंदाला सुमारे ५० मीटरने मागे. म्हणजे दगडाच्या तोंडावर ताशी १८० किलोमीटरचा वारा, आणि तो कधीच थांबत नाही. वायू आपल्या हवेपेक्षा दहाएक लाखपट विरळ आहे, तरीही तो दगडाचा वेग खातो आणि दगड गोल गोल फिरत आत सरकतो.

बारीक धूळ वायूबरोबरच वाहते, तिला वारा लागत नाही. डोंगराएवढ्या गोळ्याला वारा लागून काही होत नाही. मधल्यामधे सापडतो तो साधारण मीटरभराचा दगड. वायडेनशिलिंगने १९७७ मध्ये हिशेब मांडला: पृथ्वीच्या अंतरावरचा असा दगड शंभरेक वर्षांत ताऱ्यात जमा. तबकडी तीस लाख वर्षांची आणि दगड शंभर वर्षांचा. शिवाय त्या वेगात दगड एकमेकांना आपटून चिकटत नाहीत, फुटतात. धुळीचे कण चिकटतात, खडे नुसते टप्पा खाऊन उडतात. म्हणजे वाढायच्या वाटेवर नेमकी तिथेच दरी आहे.

अवांतरराव

मग आपण आहोत कसे?

गणिती_कावळा

दोन वाटा निघाल्यात. एक म्हणजे दगडांनी घोळका करायचा. खूप खडे एकत्र आले की ते आपल्याबरोबर वायूलाही ओढतात, वारा कमी होतो, त्यांचं सरकणं मंदावतं, मागून येणारे येऊन मिळतात आणि घोळका आणखी दाट होतो. शेवटी तो स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने एकदम ढासळतो. धुळीपासून थेट काही दहा किंवा शंभर किलोमीटरचा गोळा, मीटरभराची पायरी गाळून! यूडिन आणि गुडमन यांनी ही अस्थिरता २००५ मध्ये मांडली, दोनच वर्षांनी संगणकावर असे गोळे होताना दिसले.

दुसरी वाट म्हणजे दाबाचा उंचवटा. तबकडीत कुठे एका कड्यात दाब आजूबाजूपेक्षा जास्त असेल, तर त्याच्या आतल्या बाजूला हिशेब उलटतो. तिथे वायू दगडापेक्षा जलद, म्हणजे वारा पाठीमागून. बाहेरचे खडे आत सरकत येतात, आतले बाहेर ढकलले जातात, आणि सगळे उंचवट्यावर गोळा होतात. दुरून बघितलं तर दिसेल काय? धुळीचं एक तेजस्वी कडं, शेजारी काळी खाच. ओळखीचं वाटतंय का?

मध्यरात्र

म्हणजे एचएल टॉरीची कडी ही ग्रह तयार होण्याची जागा असू शकते? आणि मी समजत होते की ग्रह झाल्यामुळे खाचा पडल्या!

शंकेखोर

आता आलात मुद्द्यावर. ग्रह व्हायला कडं लागतं. कडं व्हायला ग्रह पुरतो, कारण मोठा ग्रह वायू बाजूला सारतो आणि खाचेच्या बाहेरच्या काठावर उंचवटा करतो. आधी कोंबडी की आधी अंडं?

कडी पडायला ग्रहच लागतो असंही नाही. तबकडीच्या चुंबकीय क्षेत्राने वायूच्या लाटा उठतात, त्यातूनही कडी पडतात. हिमरेषांचंही नाव घेतात. ताऱ्यापासून एका ठरावीक अंतरावर पाणी गोठतं, त्याच्या पुढे कार्बन मोनॉक्साइड. तिथे कणांचा चिकटपणा आणि आकार बदलतो, तेजही बदलतं. ही रेषा जागची हलतेसुद्धा. मृगातल्या व्ही८८३ ओरायनिस या ताऱ्याचं तेज अचानक भडकलं, आणि २०१६ मध्ये आल्माला त्याच्या पाण्याची हिमरेषा तब्बल ४० एककांवर सापडली. एरवी ती पाचेक एककांच्या आत असायची.

वर्णपट

शंकेखोर, तुमची बाजू पटते, पण ग्रहांचा पक्ष अगदीच लंगडा नाही. पीडीएस ७० हा तारा घ्या. सुमारे ३७० प्रकाशवर्षांवर, वय पन्नासेक लाख वर्षं. तबकडीत मोठी खाच, आणि त्या खाचेत २०१८ मध्ये एक ग्रह चक्क दिसला. २०१९ मध्ये दुसरा. दोघेही हायड्रोजनच्या तांबड्या रेषेत चमकतात, म्हणजे अजून वायू गिळतायत. २०२१ मध्ये दुसऱ्या ग्रहाभोवती त्याची स्वतःची छोटी तबकडीही आल्माला दिसली, आपल्या चंद्रासारखे तीनेक चंद्र होतील एवढ्या धुळीची.

शिवाय एचडी १६३२९६ हा तारा. तिथे ग्रह दिसलेला नाही, पण २०१८ मध्ये कार्बन मोनॉक्साइडच्या वेगाचे नकाशे काढले, तर एका जागी वायूचा प्रवाह वाकलेला सापडला. नदीत बुडालेला खडक दिसत नाही, पण वरचं पाणी वळतं, तसं. इथे नुसती धूळ नाही, वायूच साक्ष देतोय. तुमचा शंभरातल्या एका भागाचा आक्षेप इथे लागू होत नाही.

शंकेखोर

मान्य. पीडीएस ७० मला पूर्ण मान्य आहे. पण एका ताऱ्यावरून सगळ्या खाचा ग्रहांच्या नावावर चढवू नका. २०१८ मध्येच आल्माने २० तबकड्या बारकाईने पाहिल्या आणि जवळपास सगळ्यांत कडी निघाली, हे कायम पुढे केलं जातं. पण त्या २० निवडल्याच होत्या मोठ्या आणि तेजस्वी. बहुतेक तबकड्या त्याहून लहान आणि मंद असतात.

वर्णपट

बरोबर. त्यात भर म्हणजे २०२३ ची निरीक्षणं. वयाने त्याहून लहान, अजून मेघाच्या वेष्टनात असलेले १९ बाळतारे आल्माने तपासले. एचएल टॉरीसारखी ठसठशीत कडी त्यांत फारच थोड्यांना. म्हणजे काही लाख वर्षांच्या छोट्याशा मुदतीत काहीतरी झपाट्याने घडतं. किंवा कोवळ्या तबकड्या इतक्या दाट असतात की आतलं दिसतच नाही. मला दुसरी शक्यता जास्त वाटते, पण पैज लावणार नाही.

खडकाळ

बराच वेळ नुसता वाचत होतो. सगळे वर बघतायत, मी खाली बघणारा माणूस. या भांडणाचा एक साक्षीदार जमिनीवर आहे.

८ फेब्रुवारी १९६९ ला मेक्सिकोत आयेंदे नावाचा अशनी पडला, एकूण टनावारी तुकडे. त्याचा कापून घासलेला एक काप मी हातात घेतलाय. राखाडी-काळ्या पृष्ठभागावर मिलिमीटरभराचे गोल दाणे अगदी शेजारी शेजारी, आणि मधेमधे वेडेवाकडे पांढरे ठिपके, एखादा नखाएवढा. भिंग लावलं तर पांढऱ्याला जराशी गुलाबी झाक. हे ठिपके कॅल्शियम आणि ॲल्युमिनियमच्या खनिजांचे, तबकडीतला अतितप्त वायू निवताना सर्वात आधी घट्ट झालेला माल. वय ४५६.७ कोटी वर्षं. सूर्यमालेचं वय म्हणून आपण जो आकडा सांगतो तो या पांढऱ्या ठिपक्यांचा. गोल दाणे त्यानंतरच्या काही लाख ते तीसेक लाख वर्षांतले. तबकडीचं अख्खं आयुष्य एका कापात.

२०२५ मध्ये हाच क्षण दुसरीकडे घडताना बघितला. एचओपीएस-३१५ या बाळताऱ्याभोवती, सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवर, जेम्स वेब ही अवकाश दुर्बीण आणि आल्मा यांना सिलिकॉन मोनॉक्साइडचा वायू आणि त्यातून नुकते घट्ट होऊ लागलेले स्फटिक दिसले. मी काप ठेवला आहे त्या खोक्याकडे त्या दिवशी दोनदा जाऊन आलो.

आता मुद्दा. अशनींचे समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजले तर त्यांचे दोन कुळांत सरळ वाटे पडतात, एक आतल्या सूर्यमालेचं, एक बाहेरचं. दोन्ही कुळं तबकडीत एकाच वेळी होती, पण वीस लाख वर्षांहून जास्त काळ एकमेकांत मिसळलीच नाहीत. मधे कोणीतरी बांध घातला होता. २०१७ मध्ये मत मांडलं गेलं की तो बांध म्हणजे गुरू. त्याचा गाभा पहिल्या दहा लाख वर्षांच्या आतच पृथ्वीच्या वीसपट झाला आणि बाहेरचे खडे अडले. एचएल टॉरीच्या वयातच, बघा. मध्यरात्र, हे तुमच्या बाजूचं.

पण २०२० मध्ये दुसऱ्या गटाने म्हटलं की गुरू तेवढ्या लवकर तेवढा मोठा होणं कठीण. बांध गुरूचा नव्हे, दाबाच्या कड्याचा, आणि गुरू कदाचित त्यातूनच पुढे झाला. हे शंकेखोरांच्या बाजूचं.

म्हणजे ४५० प्रकाशवर्षांवर जे भांडण चाललंय तेच आपल्या घरातही आहे, आणि इथे तर नमुना हातात घेऊन.

अवांतरराव

तो काप नक्की किती मोठा आहे? आणि तो तुमच्या घरी खोक्यात कसा??

खडकाळ

अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. रीतसर घेतलेला आहे, पावती आहे.

मध्यरात्र

बरं, हरले. संपादक मंडळ, 'ग्रहांनी पाडलेल्या खाचा' हे शीर्षक काढून 'खाचा पाडल्या कोणी?' करावं ही विनंती. पहिल्या लेखातलं ते वाक्य मात्र तसंच राहू द्या, नाहीतर शंकेखोरांचा प्रतिसाद हवेत लटकेल.

शंकेखोर

धन्यवाद. पीडीएस ७० पुरतं जुनं शीर्षक चाललं असतं.

जुनी_दुर्बीण

हार्ड डिस्क उघडली. नऊपैकी सात सापडली. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे मोठी फट आहे, ढगांच्या खेपा तिथल्याच. काळं बोट पाचव्यात सगळ्यात स्पष्ट दिसतंय, डावीकडच्या कडेपासून बघा. रात्री चढवतो.